सी ड्राइव्ह भरलाय, डी मोकळा आहे: पार्टिशनची हद्द जपून कशी सरकवायची

लग्नसराई उरकली की खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या फोटो स्टुडिओत आणि बेळगावातल्या डीटीपीच्या दुकानांत एकच तक्रार ऐकू येते. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय, विंडोज अपडेट घेत नाही, एडिटिंगचं सॉफ्टवेअर मध्येच अडकतंय, आणि त्याच डिस्कवरचा डी ड्राइव्ह मात्र निम्मा रिकामा आहे. कॉम्प्युटर बांधून देताना सीला १०० जीबी आणि उरलेलं सगळं डीला, अशी वाटणी झालेली असते. तेव्हा ती पुरेशी होती. आता डीची जागा सीला कशी द्यायची?

यावर दोन सल्ले मिळतात. एक, "फॉरमॅट मारून घ्या." दुसरा, "फुकट सॉफ्टवेअर आहे, दोन क्लिकमध्ये होतंय." पहिल्याची बहुतेक वेळा गरजच नसते. दुसरा अर्धा खरा आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलंही आहे, पण हेच काम एका बाजूने केलं तर पाच मिनिटांचं असतं आणि दुसऱ्या बाजूने केलं तर चार तासांचं, धोक्याचं. कुठली बाजू कुठली, हे नीट समजून घेऊनच पुढे जाऊ.

हद्द दोन ठिकाणी लिहिलेली असते

डिस्क म्हणजे शून्यापासून सलग नंबर दिलेले सेक्टर. कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत कोणतं पार्टिशन, हे डिस्कच्या सुरुवातीला एका छोट्या तक्त्यात लिहिलेलं असतं. हे पार्टिशन टेबल. पार्टिशनच्या आत फाइल सिस्टिम असते, विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची (विंडोजऐवजी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) एक्स्ट४. कुठली फाइल कुठे आहे, कुठली जागा मोकळी आहे याचा हिशेब ती ठेवते. आणि आपण स्वतः किती मोठे आहोत हेही ती स्वतःकडे वेगळं लिहून ठेवते.

शेताचंही असंच असतं. उताऱ्यावर एकर-गुंठे लिहिलेले असतात आणि रानात प्रत्यक्ष बांध असतो. उताऱ्यावर क्षेत्र कमी करून आणलं, पण ऊस बांधापलीकडे उभाच राहिला, तर तो ऊस दुसऱ्याच्या हद्दीत गेला. म्हणून पार्टिशन लहान करायचं असेल तर आधी आतली फाइल सिस्टिम आवळायची, मग टेबलातला आकडा कमी करायचा. मोठं करायचं असेल तर उलटं: आधी टेबल, मग फाइल सिस्टिम. हा क्रम चुकला की फाइली हद्दीबाहेर पडतात. चांगलं सॉफ्टवेअर हा क्रम आपला आपण पाळतं, आणि हाताने कमांड देऊन करणाऱ्यांचा नेमका इथेच घोटाळा होतो.

आता खरी मेख. पार्टिशनला दोन कडा असतात. शेवटची, म्हणजे उजवी कड आत सरकवायची असेल, तर त्या टोकाला असलेल्या थोड्या फाइली आत आणल्या की काम झालं. पण सुरुवातीची, म्हणजे डावी कड सरकवायची असेल, तर फाइल सिस्टिमची सगळी मोजणी त्या पहिल्या सेक्टरपासून असल्यामुळे आतलं सगळंच्या सगळं उचलून पुढे न्यावं लागतं. पडद्यावर दोन्ही वेळा तुम्ही माऊसने एक कड ओढता, फरक काहीच दिसत नाही. डिस्कवर मात्र पहिल्या वेळी जागेवरच आवराआवर होते आणि दुसऱ्या वेळी अख्खं बिऱ्हाड हलतं.

आणि सीला डीची जागा द्यायची म्हणजे डीची नेमकी डावीच कड सरकवायची असते.

हिशेब करून बघा. १ टीबीची डिस्क कॉम्प्युटरला ९३१ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने. त्यातले १०० सीला, सुमारे ८३० डीला. डीमधून १०० काढायचे तर उरलेलं ७३० जीबीचं पार्टिशन पुढे सरकणार. जुनी फिरती डिस्क एकाच वेळी वाचत आणि लिहीत असताना सेकंदाला ५० एमबी धरली, तर सव्वाचार तासांच्या वर वेळ लागतो. एवढ्या वेळात लाईट गेली तर अर्धा डी जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी, आणि दोन्ही एकमेकांवर चढलेले. तिथून परत येणं फार अवघड.

आधी बघा, गरज आहे का

माझं स्पष्ट मत आहे की सी भरलाय म्हणून आलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरना पार्टिशनला हातच लावायची गरज नसते. डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डॉक्युमेंट्स ही फोल्डर विंडोजमधूनच डीवर नेता येतात: फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. व्हिडिओ एडिटिंगची सॉफ्टवेअर आपली मीडिया कॅशे, म्हणजे कामापुरत्या बनवलेल्या फाइली, मुद्दाम सांगितल्याशिवाय सीवरच साठवतात. लग्नाचे चार व्हिडिओ केले की तीच पन्नास जीबी होते. सेटिंगमध्ये तिची जागा बदलून डी करा. डिस्क क्लीनअपमध्ये "सिस्टिम फाइल्स" निवडून जुन्या विंडोजचे अवशेष काढा. हायबरनेशन (रॅममधलं चालू काम डिस्कवर ठेवून कॉम्प्युटर बंद करायची सोय) वापरत नसाल तर बंद करा, रॅमच्या प्रमाणात काही जीबी तेवढ्यानेच सुटतात. एवढं करून सी निम्मा मोकळा झाला तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

तरीही जागा कमीच पडत असेल, किंवा त्याच मशीनवर लिनक्स टाकायचं असेल, तर मग तयारीला लागू.

तयारीतच निम्मं काम

बॅकअप. हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, पण "बॅकअप आहे की, डीवर आहे" हे उत्तर मी सारखं ऐकतो. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशनं आहेत. डिस्क गेली की दोन्ही जातात, टेबल बिघडलं की दोन्ही दिसेनाशी होतात. बॅकअप म्हणजे दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम चालू असताना कॉम्प्युटरपासून काढून ठेवलेली. घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनला लावून चार-सहा फाइली उघडून बघा. वेगवेगळ्या वर्षांच्या उघडा, एखादा मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून बघा.

आपल्याकडे एकाच दुकानात फोल्डरांची नावं मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत असतात. सरळ कॉपी केली तर ती नावं जशीच्या तशी राहतात. जुन्या एखाद्या झिपच्या सॉफ्टवेअरने बांधून ठेवली तर उघडताना नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येऊ शकतात. म्हणून या कामासाठी झिप नको.

सगळी डिस्क जशीच्या तशी उतरवायची असेल तर क्लोनझिला आहे. तैवानच्या सरकारी संगणन केंद्रातून आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर भरलेले ब्लॉक तेवढे वाचून पूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर ठेवतं. विंडोज, सॉफ्टवेअरची लायसन्सं, फाँट, सगळं त्यात येतं. पडदा जुन्या पद्धतीचा, निळा-करडा आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही. फक्त "सोर्स" आणि "टार्गेट" उलटं निवडू नका.

मग डिस्कची तब्येत. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर जीस्मार्टकंट्रोल, दोन्ही फुकट. "रीअलोकेटेड सेक्टर" (बिघडले म्हणून बदललेले) आणि "करंट पेंडिंग सेक्टर" (बिघडल्याचा संशय असलेले) या दोन ओळी बघा. पेंडिंगमध्ये शून्याशिवाय काहीही असेल तर त्या डिस्कवर पार्टिशन सरकवायचं नाही, हा माझ्यापुरता नियम. डेटा काढून घ्या आणि नवी डिस्क घ्या. मरायला टेकलेल्या डिस्ककडून चार तास सलग लिहून घेणं म्हणजे तिचा शेवट जवळ आणणं.

लाईटचा प्रश्न आपल्या भागात वेगळा सांगायला नको. जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस लागला की झाड पडून तारा तुटतात. बेळगाव शहरातही वळिवाच्या संध्याकाळी भरवसा नसतो. डेस्कटॉपचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं टिकतो. चार तासांच्या कामाला तो पुरत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर लाईट गेल्या क्षणी कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो का, हे आधी मेन स्विच पाडून तपासून घ्या. लॅपटॉप असेल तर बॅटरी खरोखर किती वेळ टिकते ते बघून, चार्जर लावूनच बसा. डावी कड सरकवायचं काम डेस्कटॉपवर पावसाळ्यात करूच नका.

शेवटची तयारी विंडोजची. बिटलॉकर किंवा "डिव्हाइस एन्क्रिप्शन", म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघा. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केल्यावर, ते बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावरून कागदावर उतरवून घ्या, आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरने काम करायचं तर आधी एन्क्रिप्शन पूर्ण उतरवा. त्यानंतर डिस्कची चूक-तपासणी चालवा: ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. मग शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. विंडोजचं नेहमीचं शटडाउन "फास्ट स्टार्टअप"मुळे अर्धवट झोपल्यासारखं असतं आणि एनटीएफएस उघडी राहते. अशा पार्टिशनला जीपार्टेड (पार्टिशन सरकवायचं सॉफ्टवेअर, त्याची ओळख पुढे आहे) हात लावायला नकार देतं, आणि ते बरोबरच करतं.

साधनं

विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंट आहे. सीची उजवी कड आत घ्यायला त्याच्याइतकं सुरक्षित काही नाही, कारण स्वतःची फाइल सिस्टिम विंडोजलाच सगळ्यात चांगली कळते. पण त्याला डावी कड हलवता येत नाही, आणि वाढवायचं तर मोकळी जागा त्या पार्टिशनच्या लगेच उजवीकडे चिकटून लागते. म्हणूनच डीमधून जागा काढली तरी सीवर "एक्स्टेंड व्हॉल्यूम" फिकटच दिसत राहतं: ती जागा डीच्या पलीकडे, उजव्या टोकाला पडलेली असते.

तिथे जीपार्टेड लागतं. २००४ पासून चालत आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. एनटीएफएससाठी ते एनटीएफएसरीसाइझ नावाचं साधन आतून वापरतं, आणि ते साधन खरं काम करण्याआधी नुसती रंगीत तालीम करून बघतं; तालमीत अडचण आली तर तिथेच थांबतं. लिनक्स मिंटची आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एक फाइल, उतरवून रुफस किंवा व्हेंटॉय या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर घातली की त्यातच जीपार्टेड मिळतं, इन्स्टॉल काही करायचं नाही. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करायचं कारण असं की ज्या पार्टिशनवर आपण बसलोय तेच सरकवता येत नाही.

"फ्री" म्हणून जाहिरात करणारी विंडोजची काही पार्टिशन सॉफ्टवेअर सगळं ठरवून झाल्यावर, शेवटच्या बटणाला पैसे मागतात. त्यांच्यात वेळ घालवू नका.

प्रत्यक्ष काम

जीपार्टेड उघडल्यावर वर उजव्या कोपऱ्यात डिस्क निवडायची यादी असते. तिथे तुमचा पेनड्राइव्हही दिसतो. नावावर जाऊ नका; आकारावरून ओळखा. खाली आडव्या पट्टीत पार्टिशनं दिसतील. विंडोज १० किंवा ११ असेल तर साधारण असं: १०० एमबीचं ईएफआय, १६ एमबीचं मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड (पट्टीत नजरेलाही पडत नाही), मग सी, मग पाचशे-सातशे एमबीचं रिकव्हरी (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेलं), मग डी. पहिल्या दोघांना हात लावायचा नाही. एखाद्यापुढे किल्लीचं चित्र असेल तर ते पार्टिशन वापरात आहे. राइट क्लिक करून "अनमाउंट" करा.

सी आणि डीच्या मध्ये ते रिकव्हरी बसलेलं असतं हे लक्षात ठेवा. तेही उजवीकडे सरकवावं लागतं. लहान असल्यामुळे ते मिनिटभरात होतं, पण ते हललं की विंडोजला ते सापडत नाही. म्हणून आधी विंडोजमध्ये ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी अशी अक्षरं सलग टाइप करून, जागा सोडून, स्लॅश आणि डिसेबल लिहा. काम झाल्यावर तेच, शेवटी एनेबल. नको म्हणून ते उडवूनही टाकू नका. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १०चं एक सुरक्षा अपडेट अनेक मशीनवर फसत राहिलं, ते रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा अपुरी होती म्हणून. मायक्रोसॉफ्टने ते २५० एमबीने वाढवायला सांगितलं होतं. आता सरकवतोच आहोत तर त्याला एक जीबी देऊन टाका.

डीवर राइट क्लिक करून "रीसाइझ/मूव्ह" घेतलं की तीन आकडे दिसतात: आधीची मोकळी जागा, नवा आकार, नंतरची मोकळी जागा. आकडे एमआयबीत (१०२४ च्या हिशेबाने मोजलेले एमबी) असतात, १०० जीबी म्हणजे १०२४००. "अलाइन टू" मध्ये एमआयबी तसंच राहू द्या. डी निम्मा रिकामा असेल तर इथे वेळ वाचवता येतो. जीपार्टेड सरकवताना रिकामे ब्लॉकही उचलून नेतं, म्हणून आधी नुसती उजवी कड आत घ्या: ४०० जीबी भरलेला डी ४३० वर आणा. हिरवी बरोबरची खूण दाबून तेवढंच पूर्ण करा. मग तो ४३०चा डी १०० ने उजवीकडे सरकवा, तेही पूर्ण होऊ द्या. शेवटी त्याची उजवी कड परत टोकापर्यंत वाढवा. डीच्या डावीकडे सुटलेल्या जागेत मग रिकव्हरी उजवीकडे सरकवा आणि सीची उजवी कड त्याच्यापर्यंत वाढवा. सव्वाचार तासांचं काम अडीच तासांवर येतं. ही कामं एकदम रांगेत लावू नका. प्रत्येक टप्प्यानंतर बघायला मिळतं की सगळं जागेवर आहे.

हिरवी खूण दाबेपर्यंत डिस्कवर काहीही घडलेलं नसतं. खालच्या यादीत ठरवलेली कामं ओळीने लिहिलेली असतात, ती एकदा मोठ्याने वाचा. दाबल्यावर मात्र "कॅन्सल" हे बटण नाहीच असं समजा. पट्टी एका जागी थांबल्यासारखी वाटेल. "डीटेल्स" उघडलं तर आत किती गेलंय ते कळतं. संपल्यावर तिथलाच अहवाल "सेव्ह डीटेल्स" करून पेनड्राइव्हवर ठेवा.

मी स्वतः मात्र, ग्राहकाकडे पुरेशी डिस्क असेल तर, दुसराच रस्ता धरतो. डीचा डेटा दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करायचा, डी पूर्ण उडवायचा, रिकव्हरी सरकवायचं, सी वाढवायचा, उरलेल्या जागेत नवा डी करून त्याला तेच डी अक्षर द्यायचं आणि डेटा परत टाकायचा. दोन डिस्क यासाठी की डी उडवल्यावर एकच प्रत उरली तर ती बॅकअप राहत नाही, ती मूळच होते. ४०० जीबी यूएसबी ३ वरून सव्वा-दीड तासात परत येतं, आणि मध्ये लाईट गेली तर कॉपी पुन्हा सुरू करायची, एवढंच. काहीही अर्धवट लटकत नाही.

जुनी मशीन आणि लिनक्स

विंडोज ७च्या काळातल्या, शाळा-वाचनालयांतल्या डिस्कवर एमबीआर पद्धतीचं टेबल असतं. त्यात मुख्य पार्टिशनं चारच मावतात आणि २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. तिथे डी बहुधा "लॉजिकल" असतो, एका "एक्स्टेंडेड" कुंपणाच्या आत. डी आवळून मिळालेली जागा त्या कुंपणातच राहते, म्हणून एक्स्टेंडेडचीही डावी कड आत घ्यावी लागते, मगच सीला ती मिळते. एक्स्टेंडेडची कड सरकवायला वेळ लागत नाही, पण हा टप्पा लोक विसरतात आणि अडकून बसतात.

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अशा अनेक मशीनवर लिनक्स शेजारी टाकायचा विचार चालू आहे. हे सोपं प्रकरण आहे. डिस्क मॅनेजमेंटमधून "श्रिंक व्हॉल्यूम" करून उजवीकडे जागा सोडा आणि लिनक्स त्या जागेत बसवा. भरपूर मोकळी जागा असूनही विंडोज थोडीच सोडत असेल तर मध्ये पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) किंवा सिस्टिम रिस्टोअरच्या न हलणाऱ्या फाइली आहेत. त्या गोष्टी तात्पुरत्या बंद करून, रीस्टार्ट करून परत बघा. लिनक्सकडची एक्स्ट४ चालू असतानाही वाढवता येते, लहान मात्र अनमाउंट केल्यावरच होते. लिनक्सचीच दुसरी फाइल सिस्टिम एक्सएफएस लहान करता येत नाही असंच धरून चाला. कॅमेऱ्याच्या कार्डावरची एक्सफॅटही जीपार्टेडला लहान-मोठी करता येत नाही. ती कॉपी करून नव्याने फॉरमॅट करायची.

झाल्यावर, आणि बिघडल्यावर

विंडोज पहिल्यांदा चालू होताना स्वतःहून डिस्क तपासेल, ते पूर्ण होऊ द्या. एकदा रीस्टार्ट करा. एन्क्रिप्शन उतरवलं असेल तर परत चालू करा.

डी दिसेनासा झाला आणि "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विंडोजने विचारलं तर "नाही". कॉम्प्युटर बंद करा, त्या डिस्कवर एकही फाइल लिहू नका. नुसतं टेबल बिघडलं असेल तर टेस्टडिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर हरवलेली पार्टिशनं शोधून टेबल परत लिहितं, आणि फोल्डरांसकट सगळं परत येतं. सरकवणं अर्ध्यात तुटलं असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच्याबरोबर मिळणारं फोटोरेक फाइली खणून काढतं, पण नावं आणि फोल्डर परत देत नाही. स्टुडिओवाल्याला हजारो फोटो नंबरांच्या नावाने मिळतात; कुठलं लग्न हलशीचं आणि कुठलं नंदगडचं, ते एकेक उघडून ओळखत बसायचं.

बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप काम नीट झालंय असं वाटलं तरी लगेच पुसू नका. महिनाभर रोजचं काम होऊ द्या, जुन्या ऑर्डरीतल्या फाइली एकदा तरी उघडल्या जाऊ द्या, आणि मगच ती डिस्क दुसऱ्या कामाला घ्या.